पाच माणसांच्या आमटीत डाळ किती? (प्रोटीनवाल्या डाळभाजीचे प्रयोग)

आमसूल | शनिवार, रात्री ९:५०

साबांच्या (म्हणजे सासूबाईंच्या) तपासण्यांचे रिपोर्ट घेऊन गेल्या आठवड्यात आहारतज्ज्ञ बाईंकडे गेलो होतो. साबा पक्क्या शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. बाईंनी विचारलं, "प्रोटीन कशातून घेता?" साबा आणि मी एका सुरात, "रोज आमटी असते की!" बाई हसल्या. "किती माणसांना किती डाळ टाकता?" मी म्हटलं, तीन मुठी. "कोणाच्या मुठी?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

घरी येऊन केकसाठी घेतलेला वजनकाटा माळ्यावरून काढला. माझ्या तीन मुठी तूरडाळ भरली ११० ग्रॅम. खाणारी माणसं पाच. तुरीत शंभर ग्रॅमला साधारण २२ ग्रॅम प्रोटीन असतं. म्हणजे अख्ख्या पातेल्यात २४, आणि दरडोई पाचसुद्धा नाही! किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम हा एनआयएनचा (राष्ट्रीय पोषण संस्थेचा) हिशोब धरला, तर ६० किलोच्या साबांना ५० लागतात. आमच्या वाटीतून येतो त्याचा दहावा हिस्सा. बाकी सगळं चिंच, गूळ, गोडा मसाला आणि नळाचं पाणी.

डाळ वाढवून बघितली. दुसऱ्याच दिवशी नवऱ्याने पातेल्यात पळी उभी करून दाखवली. साबा म्हणाल्या, "पिठलं करायचं होतं तर सांगायचंस, भाकरी केल्या असत्या."

तर प्रश्न असा, की डाळ भरपूर, भाजी भरपूर, तरी आमटीसारखी चवदार अशी पाकृ (पाककृती) कोणाकडे आहे का? सोया नको, एकदा करून झालंय, लेकीने त्याला 'भांडी घासायचा स्पंज' असं नाव ठेवलंय.


शिट्टी क्र. ५ | शनिवार, रात्री १०:१५

"कोणाच्या मुठी" वाचून फुटलो. आमच्याकडे बाबांची मूठ आणि आईची मूठ यांच्या फरकात एका माणसाची डाळ बसते.

रच्याकने (जाता जाता), आयसीएमआर-एनआयएनच्या २०२४ च्या आहार-मार्गदर्शनात २००० कॅलरीच्या ताटात दिवसाला ८५ ग्रॅम कडधान्यं-डाळी सांगितल्या आहेत, कच्च्या वजनाच्या. तुमच्या घरात पाच जणांना मिळून एका माणसाचा कोटा आणि वर थोडा होतोय.


कोरडी भाकरी | शनिवार, रात्री १०:४०

ताई, आमटीवर एवढा राग नको. भाकरी-पोळीचं प्रोटीन तुम्ही धरलंच नाहीत. ज्वारीच्या पिठात शंभर ग्रॅमला १० च्या आसपास असतं. बऱ्यापैकी मोठ्या दोन भाकऱ्या झाल्या की ११-१२ ग्रॅम तिथेच आले. दही-ताक वेगळं.

पण प्रोटीन ज्या अमिनो आम्लांचं बनतं, त्यातलं लायसिन नुसत्या धान्यात कमी पडतं, ते डाळीत भरपूर असतं. डाळीत जे कमी, ते मेथिओनीन धान्यात आणि तिळात असतं. म्हणून वरण-भात, भाकरी-पिठलं, इडली-सांबार या जोड्या. एकाच घासात दोन्ही हवं असं काही नाही, दिवसभरात मिळून झालं तरी पुरतं. धान्य तीन भाग तर डाळ एक भाग, असं कच्चं वजन धरायचं. आपल्या ताटात डाळ त्याहून फारच कमी असते, दुखणं तिथे आहे.


वऱ्हाडची सून | शनिवार, रात्री ११:०५

अगं आमसूल, तुला हवी ती पाकृ विदर्भातल्या प्रत्येक लग्नाच्या पंगतीत वाढतात! डाळभाजी. मी पुण्याची, लग्न होऊन अमरावतीला आले तेव्हा मला वाटलं होतं पालकाची आमटी असेल. तसं नाही. आमटीत भाजी पोहते, डाळभाजीत डाळ आणि भाजी एकमेकींत मुरलेल्या असतात, तरी हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणा दाताखाली येतो. घट्टपणा म्हणशील तर पोळीने उचलता आली पाहिजे आणि भातावर घातली तर हळूच पसरली पाहिजे.

सासूबाई करतात ती पद्धत देते. पाच जणांना एक वेळ:

हरभरा डाळ आणि शेंगदाणे दोन तास भिजवायचे, वेगवेगळे नाही, एकाच भांड्यात. तूरडाळ अर्धा तास. सगळं धुऊन कुकरला, हळद, हिंग आणि चमचाभर तेल घालून. पालकाची मोठी जुडी जाडसर चिरून घ्यायची, मूठभर चुका मिळाला तर उत्तम. डाळ शिजली की रवीने एकदाच, दोनदाच फिरवायची. गुळगुळीत केलीस तर मजा गेली.

मग पातेल्यात तेल (हात आखडू नको), मोहरी, जिरं, भरपूर ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, कढीपत्ता. लसूण सोनेरी झाला की पालक. तो बसला की वरून डाळ, मीठ, लागेल तसं गरम पाणी. दहा मिनिटं बारीक गॅसवर रटरटू द्यायची. वाढताना वरून पुन्हा लसूण आणि लाल सुक्या मिरचीची चरचरीत फोडणी. ही दुसरी फोडणी टाळलीस तर मला सांगू नकोस की तू डाळभाजी केलीस.


खलबत्ता | रविवार, सकाळी ७:३०

+१. आमच्याकडे पालक डाळीबरोबरच कुकरला लावतात. रंग जातो पण चव मुरते. हिरवागार पालक हा फोटोसाठी.


वऱ्हाडची सून | रविवार, सकाळी ८:१०

तुमच्या घरचं तुम्ही खा :) हलके घ्या.


हिंगाची डबी | रविवार, सकाळी ९:००

डाळी मिसळायचा माझा अनुभव सांगते. नुसती तूर वाढवली की पिठलं होतंच, कारण ती सगळी एकजीव होते. मी चार डाळी घेते, तूर, मसूर, मूग, हरभरा. मसूर आणि मूग विरघळून दाटपणा देतात, तूर चव देते आणि हरभरा डाळ अख्खी राहून 'भाजी खातोय' असं वाटायला लावते. पाच जणांना मिळून प्रत्येक डाळ ६० ग्रॅम, म्हणजे एकूण २४० ग्रॅम. मसूर-मुगात २४ च्या आसपास, तूर-हरभऱ्यात २२ च्या आसपास असं धरून पातेल्यात ५५ ग्रॅम प्रोटीन होतं. त्यात ५० ग्रॅम शेंगदाणे घातले की आणखी १२. पाव किलो पालकाचं पाचेक धरा. एकूण ७२, माणशी १४ च्या वर. तिप्पट झालं की नाही?

भाज्यांच्या प्रोटीनच्या मागे मात्र फार लागू नका. दुधी, भोपळा, गाजर, वांगं यांच्यात ते नावापुरतं असतं. अपवाद मटाराचा (शंभर ग्रॅमला ७ च्या आसपास) आणि शेवग्याच्या पाल्याचा. त्यात ६ च्या वर असतं, पालकाच्या तिप्पट. पण पाला कोवळा हवा, देठं काढून, आणि मूठ-दीड मूठच. जास्त झाला की कडवट लागतो. भाजी घालायची ती चोथ्यासाठी, चवीसाठी आणि एवढी डाळ घशाखाली उतरावी म्हणून.


रात्रपाळी | रविवार, दुपारी १:२०

मी एकटा राहतो, कुकर छोटा आहे. गेल्या महिन्यात मूग-मसूर काठोकाठ भरून लावला आणि झोपलो. शिट्टीतून पिवळा फवारा, ओट्यावर, टाइल्सवर, कॅलेंडरवर. महिन्याचा दूधवाल्याचा हिशोब वाहून गेला. काय चुकलं?


शिट्टी क्र. ५ | रविवार, दुपारी १:४५

झोपलास ते चुकलं.

गंमत सोड. डाळीला फेस येतो, तो शिट्टीच्या नळीत चढतो. डाळ लावताना पाण्यासकट कुकर निम्म्याच्या वर भरायचा नाही. आधी झाकण न लावता उकळी आणून वरचा फेस पळीने काढून टाक, मग चमचाभर तेल घाल, मग झाकण. नळीत डाळ अडकून बसली तर वाफ कोंडते आणि ते धोक्याचं आहे, म्हणून प्रत्येक वेळी नळी उजेडात धरून आरपार बघायची. एकट्यापुरती असेल तर सरळ आतल्या डब्यात लाव, खाली दोन पेले पाणी. ओतू गेली तर कुकरच्या पोटातच जाते.


आमसूल | रविवार, रात्री ९:३०

सगळ्यांना धन्स. आज केली. आणि फसली.

चार डाळी हिंगाच्या डबीताईंच्या मापाने, पालक वऱ्हाडच्या सूनबाईंच्या पद्धतीने. पण मला वाटलं आमटीची आंबटगोड चव हवी, म्हणून चिंचेचा कोळ आणि दोन टोमॅटो कुकरमध्येच टाकले. वेळ वाचेल असा विचार. चार शिट्ट्या झाल्या, उघडलं, हरभरा डाळ कडक. आणखी तीन. तरी कडक. मसूर-मुगाचा तोवर लगदा झालेला आणि त्यात हरभऱ्याची डाळ छर्र्यांसारखी. एक दाणा बोटात धरून दाबला तर बाहेरून मऊ, आत पांढरट खडखडीत ठिपका तसाच. तळाला करपलं ते वेगळं. साबांनी एकेक डाळ वेचून ताटाच्या कडेला लावली, एक शब्द न बोलता. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

डाळ दोन तास भिजवली होती हो!


कोरडी भाकरी | रविवार, रात्री १०:१०

चिंचेने घात केला. डाळ मऊ होते म्हणजे दाण्यातल्या पेशींना चिकटवून ठेवणारं पेक्टिन विरघळतं. आंबट पाण्यात ते विरघळायला फार वेळ घेतं. म्हणून चिंच, आमसूल, टोमॅटो, ताक, काहीही आंबट असो, डाळ पूर्ण शिजल्यावरच. चुक्यालाही हाच नियम, तोही आंबटच. आपल्या आज्या वरण घोटून झाल्यावरच चिंच घालायच्या, त्याचं कारण हेच.

दुसरं, पाणी कुठलं? बोअरचं जड पाणी असेल तर त्यातलं कॅल्शियम त्याच पेक्टिनला आणखी घट्ट करतं. पिण्याच्या पाण्यात शिजवून बघा. तिसरं, डाळ किती जुनी आहे? वर्षभर उबेत पडलेली डाळ कितीही भिजवली तरी हट्टी राहते.

आणि खायचा सोडा टाकायचा मोह होईल, टाकू नका. डाळ लगेच मऊ होते हे खरं, पण बी-१ जीवनसत्त्व नासतं आणि डाळीला साबणासारखी बुळबुळीत चव येते.


आमसूल | रविवार, रात्री १०:२५

बोअरचं! सोसायटीत टँकर आणि बोअर आलटून पालटून येतं. आणि डाळ दिवाळीच्या पुरणातली उरलेली. म्हणजे तिन्ही गुन्हे कबूल.


चुलीवरची | सोमवार, सकाळी ११:००

पुरणावरून आठवलं. कटाची आमटी ही सगळ्यात फसवी. प्रोटीन सगळं पुरणात, आमटीला नुसतं वरचं पाणी. चवीला मात्र तिच्यासारखी दुसरी नाही, तेव्हा सणाला हिशोब करू नये.

पण एक गोष्ट हिशोबाचीच आहे. बाळाला 'डाळीचं पाणी' द्यायची पद्धत अजून घरोघरी आहे. माझ्या पहिल्या मुलाला मीही वरचं निवळ पाणीच भरवत होते, डाळ पचणार नाही म्हणून. आमच्या बालरोगतज्ज्ञांनी एका पेल्यात वरण ओतून टेबलावर ठेवलं आणि पाच मिनिटं थांबायला लावलं. वर पिवळं पाणी, खाली साका. "बाळाला यातलं काय देता?" म्हणाले. दुसरीला मग सहा महिन्यांनंतर मऊ घोटलेली डाळच दिली, भातात कालवून, तूप घालून.


खलबत्ता | सोमवार, दुपारी ४:१५

प्रोटीन झालं, आता गॅसबद्दल कोणीतरी बोला. चार डाळी, शेंगदाणे, वर लसूण. आमच्या तीर्थरूपांना रात्री जेवण झाल्यावर शतपावली नव्हे, सहस्रपावली करावी लागते.


हिंगाची डबी | सोमवार, संध्याकाळी ६:००

डाळी-कडधान्यांत काही साखरा अशा असतात की आपल्या लहान आतड्यात त्या पचतच नाहीत. मोठ्या आतड्यातले जीवाणू त्यांच्यावर ताव मारतात आणि वायू सोडतात. उपाय साधे आहेत. भिजवलेलं पाणी फेकून द्या, त्यात या साखरा थोड्याफार उतरतात. रात्रीऐवजी दुपारी खा. तीन मुठींवरून एकदम २४० ग्रॅमवर उडी मारू नका, दर आठवड्याला थोडी वाढवा, पोट शिकतं. सालीची मूगडाळ आणि मसूर त्यातल्या त्यात गरीब, हरभरा आणि वाल खट्याळ. तीर्थरूपांपुरता हरभरा वगळून मूग वाढवा. आणि हिंग, अर्थात. माझं नाव उगाच नाही.

मोड आणले तर या साखरा आणखी कमी होतात. मात्र मोड आल्याने प्रोटीन दुप्पट होतं हे व्हॉट्सअ‍ॅपवरचं ज्ञान. मोड आलेल्या मटकीत पाणी भरलेलं असतं, त्यामुळे वजनाला वजन लावलं तर शंभर ग्रॅममागे प्रोटीन उलट कमीच निघतं. मोड आणायचे ते पचायला बरे आणि सी जीवनसत्त्व मिळतं म्हणून.


आबा कुलकर्णींचा नातू नव्हे | सोमवार, रात्री ८:४०

सगळं वाचलं. एक सांगतो, आमच्या वडिलांना मूत्रपिंडाचा त्रास आहे, त्यांना डॉक्टरांनी प्रोटीन मोजून दिलंय. कोणाच्या घरी तसं असेल तर धाग्यातले आकडे बघून परस्पर डाळ वाढवू नये.

अवांतर: ओडिशात एका सहकाऱ्याकडे दालमा खाल्ला होता. डाळीत कच्ची केळी, लाल भोपळा, वांगं, सुरण, मोठ्या फोडी. त्यांनी फोडणीत पंचफोरन (पाच अख्ख्या मसाल्यांचं मिश्रण) घातलं आणि उतरवताना भाजलेल्या जिऱ्या-मिरचीची पूड भुरभुरली. कांदा-लसूण नाही. कोणाच्या घरी लसूण चालत नसेल तर हा रस्ता आहे. पारश्यांच्या धनसाकमध्येही अशाच तीन-चार डाळी आणि भोपळा-वांगं, पण तिथे मांस येतं.


आमसूल | शुक्रवार, रात्री १०:००

दुसरा प्रयोग. यावेळी सगळं लिहून ठेवलं.

नवी हरभरा डाळ आणली. ती आणि शेंगदाणे पिण्याच्या पाण्यात तीन तास भिजवले, पाणी फेकलं. तूर अर्धा तास. मसूर आणि मूग नुसते धुतले. डाळी एकूण २०० ग्रॅमच घेतल्या, पोट शिकायला वेळ हवा म्हणून. शेंगदाणे ५० ग्रॅम. चार शिट्ट्या, मग बारीक गॅसवर पाच मिनिटं. झाकण पडल्यावर आधी हरभऱ्याचा दाणा बोटात घेतला. दाबला आणि बसला, ठिपका नाही. एवढा आनंद मला बारावीच्या निकालाला झाला नव्हता.

पालक फोडणीत, सोबत लाल भोपळ्याच्या लहान फोडी, कारण फ्रिजमध्ये पाव तुकडा सुकत पडला होता. त्याने एक गोडसर अंग आलं, गूळ घालावाच लागला नाही. डाळ घालून उकळी आल्यावर शेवटी चिंचेचा कोळ, दोन चमचे. गोडा मसाला अर्धा चमचा, यावर वऱ्हाडची सून रागावेल. दुसरी फोडणी घातली, शपथ.

हिशोब: डाळींचं ४६, दाण्यांचं १२, भाजीचं ५. भागिले पाच, साडेबारा. वर लिंबू पिळलं, कारण डाळ-पालकातलं लोह सी जीवनसत्त्वाबरोबर जास्त शोषलं जातं.

नवऱ्याने पुन्हा पळी उभी करून बघितली. हळूहळू कलली. साबांनी भाकरीबरोबर दोनदा घेतली. मग म्हणाल्या, "भाजी चांगली झालीय. आमटी कुठंय?"


शिट्टी क्र. ५ | शुक्रवार, रात्री १०:१०

=)) =))


वऱ्हाडची सून | शुक्रवार, रात्री १०:३०

गोडा मसाला! अमरावतीत हे वाचून दाखवलं, सासूबाईंनी देवाला हात जोडले. बाकी भोपळ्याची कल्पना चोरली आहे. उरली असेल तर सकाळी तिच्यातच ज्वारीचं पीठ, थोडं बेसन, तीळ आणि कांदा घालून थालीपीठ लाव. पाणी अजिबात घालावं लागत नाही, आणि मीठ चाखूनच घाल, डाळीत आधीच असतं.


आमसूल | शनिवार, सकाळी ९:१५

लावली. सात झाली. लेकीने दह्याबरोबर तीन खाल्ली, आत पालक आहे हे तिला अजून माहीत नाही. इथे कोणी सांगू नये.


रात्रपाळी | शनिवार, दुपारी २:००

एकट्याच्या मापात कसं करू? आणि चार डाळी नाहीत माझ्याकडे, फक्त अख्खा मसूर आहे.


हिंगाची डबी | शनिवार, दुपारी २:२०

चालेल. ५० ग्रॅम अख्खा मसूर, तासभर भिजव. मूठभर दाणे, अर्धी जुडी पालक. डब्यात लाव, चार शिट्ट्या. टोमॅटो नंतर फोडणीत. आणि जागा राहा.